विण्याच्या सुमारास गायीची चरबी जोखताना या चुका टाळा

गाय अंगाने कशी आहे हे बहुतेक गोठ्यांत पोट आणि बरगड्यांवरून ठरतं, आणि पहिली चूक तिथेच होते. पोटभर कुट्टी खाल्लेली, दिवस भरत आलेली गाभण गाय कुणालाही धष्टपुष्टच दिसेल. चरबीचा खरा साठा मागच्या भागात कळतो. कमरेची बाहेर आलेली दोन हाडं (हुक), शेपटीखालची दोन हाडं (पिन), दोन्हींच्या मधला खुबा आणि शेपटीचं मूळ, एवढंच पाहायचं.

अंगावरच्या चरबीला गुण द्यायचे १ (हडकुळी) ते ५ (अति लठ्ठ), पाव-पाव गुणाच्या टप्प्याने. गाय सपाट जागी सरळ उभी करून बाजूने पाहा. हुक ते खुबा आणि खुबा ते पिन ही रेघ 'व्ही'सारखी कोनात मोडत असेल तर ३ किंवा कमी. 'यू'सारखी गोलाईने वळत असेल तर ३.२५ किंवा जास्त. 'व्ही'मध्ये हुक गोलसर असेल तर ३. हुक टोकदार, पण पिनवर चरबीची गादी असेल तर २.७५. पिनही टोकदार, पण दाबल्यावर थोडी चरबी हाताला लागते, तर २.५. 'यू' असेल तर मागे उभं राहून शेपटीच्या मुळाचे आणि त्याच्या पुढचे अस्थिबंध (हाडं जोडणारे पट्टे) पाहा. दोन्ही स्पष्ट दिसले तर ३.२५, मुळाचे जेमतेम दिसले तर ३.५, एकही दिसत नसेल तर ४. केस दाट असतील तर डोळ्यांवर विसंबू नका, हात लावा.

विण्याआधीच्या शेवटच्या दोन-चार दिवसांत गुण देऊ नका. तेव्हा अस्थिबंध सैल पडतात, शेपटीच्या दोन्ही बाजूंना खळगे पडतात आणि चांगली गायही हडकुळी वाटते. तीन आठवडे आधी एकदा आणि व्यायल्यावर लगेच एकदा गुण द्या.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे गाय आटवल्यावर (विण्याआधी दूध काढणं थांबवल्यावर) 'आता हिला जरा भरू' म्हणून पेंड वाढवणं. आटवताना आणि विताना गुण ३.२५ ते ३.५ असावा. चारच्या पुढे गेलेली गाय विण्याच्या सुमारास वैरण कमी खाते. मग अंगावरची चरबी वितळून यकृताकडे धावते, ती सगळी पचत नाही आणि किटोसिस (रक्तात किटोन साचण्याचा आजार) होतो. वार अडकणं, गर्भाशयाचा दाह, माज लांबणं मागोमाग येतं. उलट चूकही तितकीच वाईट: लठ्ठ गायीला भाकड काळात उपाशी ठेवलं, तर तीच चरबी विण्याआधीच वितळू लागते. तिचं वजन स्थिर ठेवा, वाळलेली वैरण भरपूर, खुराक जपून. बारीक किंवा लठ्ठ गायीची दुरुस्ती आटवण्याआधीच्या तीन-चार महिन्यांतच करायची असते.

एकाच आकड्यावर निर्णय घेऊ नका. २.७५ वरून २.५ वर आलेली आणि ३.५ वरून २.५ वर आलेली गाय आज सारख्याच दिसतील, पण दुसरीने मोठ्या होल्स्टिनमध्ये साधारण ५० किलो अंग गमावलेलं असतं. व्यायल्यानंतर अर्ध्या गुणाची घट चालते. पाऊण गुण म्हणजे धोका. या दिवसांत डेअरीच्या पावतीवर फॅट एकदम चढली तर खूश होण्याआधी गाय पाहा. ती चरबी बहुधा तिच्या अंगावरचीच असते. लघवीची किटोन पट्टी लावा, लंगडते का पाहा, डॉक्टरांना दाखवा. पडलेलं अंग भरून काढायला भरडा एकदम वाढवू नका, पोट आम्लधर्मी होतं. रोज अर्धा किलोपेक्षा जास्त वाढ नको.

ही मापं होल्स्टिन आणि तिच्या संकरित गायींची. गीरचा माकडहाडाकडचा भाग मुळातच उतरता असतो, त्यामुळे तिथे 'व्ही'-'यू' फसवतं. तिच्या शेपटीच्या मुळाशी आणि कमरेच्या कडेला हात लावून चरबी चाचपा.

आटवताना, विण्याच्या तीन आठवडे आधी, व्यायल्यावर लगेच, मग ३० आणि ६० दिवसांनी, शक्यतो एकाच माणसाने गुण द्यावा आणि तारखेसह वहीत लिहावा.