बंद पडलेल्या तांबे-शिसे खाण कंपन्यांचा इतिहास कसा शोधावा

आजच्या झारखंडातल्या सिंहभूममध्ये तांबे काढायला १८५७ मध्ये एक कंपनी आली आणि १८५९ मध्ये बंद पडली. १८६२ मध्ये दुसरी आली, तीही १८६४ मध्ये आटोपली. मग १८९१ मध्ये राजदोहा मायनिंग कंपनी, त्यानंतर राखा खाणीत केप कॉपर कंपनी आणि १९२४ मध्ये इंडियन कॉपर कॉर्पोरेशन. इतके मालक बदलले की शोध घेणारा पहिल्याच दिवशी गोंधळतो. म्हणून क्रम ठरवून काम करा.

१. आधी नाव पक्के करा. १८६२ च्या कंपनीच्या नावात ‘हिंदुस्थान कॉपर’ होते आणि १९६७ मध्ये स्थापन झालेली सरकारी कंपनीही हिंदुस्थान कॉपरच. दोघींचा एकमेकींशी संबंध नाही. वहीत कंपनीचे पूर्ण नाव, स्थापनेचे वर्ष, खाणीचे नाव आणि जिल्हा असे वेगवेगळे रकाने आखा. जुन्या इंग्रजी कागदांत सिंहभूमचे स्पेलिंग अनेक प्रकारे येते. ती सगळी रूपे नोंदवा, नाहीतर संगणकावरचा शोध रिकामा जाईल.

२. भूवैज्ञानिकांपासून सुरुवात करा. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण १८५१ पासूनचे. त्याचे ‘रेकॉर्ड्स’ हे नियतकालिक १८६८ पासूनचे आणि जुने अंक इंटरनेट आर्काइव्हवर फुकट वाचता येतात. व्हॅलेंटाइन बॉल यांचा भारतातल्या खनिजसंपत्तीवरचा १८८१ चा ग्रंथ तर आधी वाचावा असाच आहे. कोणत्या टेकडीवर आधी कोणी खणले, हे तो गावांच्या नावांसकट सांगतो. त्याच्याही आधी, १८५४ मध्ये, हॉटन नावाच्या लष्करी अधिकाऱ्याने सिंहभूमच्या तांब्यावर एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात लिहिले होते.

३. मग लंडन. खरा खजिना इथे आहे. खाण भारतात असली तरी भांडवल लंडनमध्ये उभे राहिले असेल, तर नोंदणीही तिकडेच झालेली असते. ब्रिटनमध्ये नोंदवलेल्या आणि नंतर विसर्जित झालेल्या कंपन्यांच्या फायली लंडनमधल्या क्यू इथल्या ब्रिटनच्या राष्ट्रीय अभिलेखागारात ‘बीटी ३१’ या मालिकेत आहेत. १८५६ च्या आधीची नोंदणी असेल तर ‘बीटी ४१’ पाहा. सूची घरबसल्या शोधता येते, प्रती मात्र पैसे भरून मागवाव्या लागतात.

फाईल हाती आली की भागधारकांची यादी सावकाश वाचा. नाव, पत्ता आणि व्यवसाय तिथे असतो. यादीत खाणीतली माणसे किती आणि खाण कधीच न पाहिलेले गुंतवणूकदार किती, यावरून त्या कंपनीचा पिंड कळतो. माझ्या मते कंपनीचा इतिहास इथेच जिवंत होतो. मात्र सगळ्याच फायली जपल्या गेलेल्या नाहीत. फाईल नसेल तर ‘लंडन गॅझेट’ हे ब्रिटनचे सरकारी राजपत्र चाळा. कंपनी गुंडाळल्याच्या सूचना त्यात छापल्या जात आणि ते ऑनलाइन मोफत आहे. ब्रिटिश लायब्ररीतले इंडिया ऑफिसचे, म्हणजे भारताचा कारभार पाहणाऱ्या लंडनमधल्या खात्याचे, दप्तरही विसरू नका.

४. कंपनीच्या शब्दावर विसंबू नका. १८३५ मध्ये सुरू झालेल्या लंडनच्या ‘मायनिंग जर्नल’मध्ये भागधारकांच्या सभांचे वृत्तांत येत. तिथे बोलणाऱ्याला शेअरचा भाव टिकवायचा असे, हे लक्षात ठेवा. विसाव्या शतकातल्या कंपनीसाठी भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे खनिज उत्पादनाचे पंचवार्षिक आढावे शेजारी ठेवा. सभेत काय सांगितले आणि प्रत्यक्षात किती धातुक (धातूचे कच्चे खनिज) निघाले, हे वर्षवार समोरासमोर लिहा.

५. स्वातंत्र्यानंतरची कंपनी असेल तर कायदे आणि निकाल. उदयपूरजवळच्या जावरची शिसे-जस्ताची खाण चालवणारी मेटल कॉर्पोरेशन ऑफ इंडिया सरकारने १९६५ मध्ये कायदा करून ताब्यात घेतली. वापरलेल्या यंत्रांची भरपाई कशी मोजायची यावरून वाद सर्वोच्च न्यायालयात गेला आणि १९६६ मध्ये तो कायदा रद्द ठरला. १९७६ मध्ये नवा कायदा करावा लागला. असे निकाल जरूर वाचा. कंपनीकडे काय होते आणि त्याची किंमत कोण कशी लावत होते, हे दोन्ही बाजूंच्या युक्तिवादात सापडते. इंडियन कॉपर कॉर्पोरेशनसाठी १९७२ चा अधिग्रहण कायदा पाहा.

६. जागेवर शेवटी जा. प्रत्येक जुना खड्डा कंपनीच्या खात्यावर टाकू नका. जावरला जस्त गाळण्याच्या मातीच्या मुशींचे ढीग आहेत, ते कंपनीच्या शेकडो वर्षे आधीचे. सिंहभूममधली बरीच खोदकामेही इंग्रजांपूर्वीची. बंद खाणीच्या नकाशांची चौकशी धनबादच्या खाण सुरक्षा महासंचालनालयाकडे करा. खाणीच्या जुन्या विहिरीत (उभ्या खोदकामात) किंवा बोगद्यात पाऊल टाकू नका, आधार कुजलेले असतात आणि आतली हवा विषारी असू शकते. बाहेरून फोटो काढा, जागेचे अक्षांश-रेखांश टिपा आणि बॉल यांच्या वर्णनाशी ताडून बघा.