मानसोपचारात श्वासाचे व्यायाम: या चुका टाळा

पॅनिक अटॅक आलेल्या माणसाला घरचे सगळे एकच सांगतात, "खोल श्वास घे, अजून खोल." बिघडतं ते इथेच. तो आधीच गरजेपेक्षा जास्त हवा आत-बाहेर करत असतो. त्यामुळे रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, मेंदूच्या रक्तवाहिन्या आकसतात, गरगरतं, ओठांना-बोटांना मुंग्या येतात, छाती आवळते. हा हार्ट अटॅकच, अशी त्याची खात्री होते आणि भीतीने श्वास आणखी वाढतो.

श्वास मोठा नको, सावकाश हवा. नाकाने हलकेच ४ अंक मोजत आत, ६ मोजत बाहेर. सेकंदाला एक अंक धरला तर मिनिटाला ६ श्वास होतात. तरीही गरगरलं तर श्वास आणखी छोटा करा. मोजण्यानेच धडधड वाढत असेल तर मोजू नका, नुसता सोडतानाचा श्वास लांबवा. तोंडाला कागदी पिशवी लावू नका. आणि छातीत असं पहिल्यांदाच दुखत असेल तर आधी ईसीजी काढा, मग श्वासाचं बघू.

हे सगळं अटॅक येईल तेव्हा शिकू म्हटलं तर जमत नाही. बरं वाटत असताना रोज थोडा वेळ सराव हवा.

बायपोलर (मन कधी फार उल्हसित, कधी फार खचलेलं), सायकोसिस (भास-भ्रम होणं) किंवा फिट्सचा त्रास असेल तर भस्त्रिका, कपालभाती असे वेगवान प्रकार डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुरू करू नका. अत्याचार किंवा अपघात सोसलेल्या माणसाला डोळे मिटायची सक्ती करू नका. डोळे उघडे, पाय जमिनीवर टेकलेले, एवढ्यानेही पुष्कळांना सुरक्षित वाटतं.

सगळ्यात जास्त काळजी वाटते ती श्वासाच्या व्यायामावर भरवसा ठेवून गोळ्या बंद करणाऱ्यांची. बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्याच्या राष्ट्रीय संस्थेतला २००० साली प्रसिद्ध झालेला अभ्यास त्यासाठी हमखास पुढे केला जातो. तीव्र नैराश्याच्या ४५ रुग्णांपैकी १५ जणांना ४ आठवडे सुदर्शन क्रिया (ठरावीक लयीतले श्वासाचे व्यायाम) दिली, त्यातले १० बरे झाले. इमिप्रामिन या नैराश्यावरच्या गोळीवर १५ पैकी ११, शॉक ट्रीटमेंटवर १४. आकडे आशादायक आहेतच. पण हे रुग्ण हॉस्पिटलात दाखल होते, डॉक्टरांच्या देखरेखीखाली. घरी मनाने गोळ्या सोडणं वेगळं. झोपेच्या-चिंतेच्या काही गोळ्या एकदम थांबवल्या तर फिट येऊ शकते.

जीव द्यायचे विचार येत असतील तर त्या माणसाला प्राणायामाला बसवू नका, एकटं सोडू नका. टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी नंबर दिवसरात्र चालू असतो, मराठीतही बोलता येतं.