म्युझियमची सहल काढताय? आधी दोन कप चिकटवा

पाचवी-सहावीची पोरं घेऊन वरळीच्या नेहरू सायन्स सेंटरला जाणार असाल तर एक सांगते, सगळं दाखवायच्या फंदात पडू नका. पहिल्या वर्षी मी तेच केलं, तीन तास नुसतं "चला चला, पुढे सरका" आणि परतताना बसमध्ये विचारलं काय आवडलं, तर उत्तर काय, वेफर्स.

आता मी आदल्या दिवशी वर्गात एकच प्रश्न टाकते. रेल्वेच्या इंजिनाला स्टिअरिंग नसतं, मग ते वळतं कसं? लगेच उत्तर द्यायचं नाही हं. दोन कागदी कप रुंद तोंडाला तोंड लावून सेलोटेपने चिकटवा, दोन लांब पट्ट्या रुळांसारख्या जराशा उतारावर ठेवा आणि कप सोडून द्या. थोडे वाकडे सोडले तरी डुलत डुलत मध्यावर येतात. मग दुसरी जोडी बुडाला बूड लावून चिकटवा, ती धाडकन बाजूला पडते आणि वर्गात जो काय गोंधळ होतो! रेल्वेचं चाक पण असंच निमुळतं असतं, आतल्या बाजूला घेर मोठा, त्यामुळे वळणावर बाहेरचं चाक मोठ्या घेरावर चालतं, एका फेरीत जास्त अंतर कापतं आणि गाडी आपोआप वळते. आतली उंच कड असते ती शक्यतो सेफ्टीपुरती.

तिथे पोचलात की बिल्डिंगमध्ये नंतर शिरा, आधी बाहेरच्या सायन्स पार्कात खरं वाफेचं इंजिन उभं आहे तिथे जा. पोरांना उकिडवं बसवून चाकाची कड शोधायला लावा, पिस्टनपासून चाकाकडे जाणारा दांडा बोटाने हवेत गिरवायला सांगा. वीस मिनिटं तरी द्या. तिथेच जुनी ट्राम आहे. मुंबईत १८७४ ला ट्राम घोडे ओढायचे, १९०७ ला विजेवरची आली आणि ३१ मार्च १९६४ ला शेवटची धावली, म्हणजे कुणाचे आजी-आजोबा त्यात बसले असतील, ते घरून विचारून यायला सांगा.

बाकी नेहमीचंच. ग्रुप बुकिंग आधी फोन करून, दहा पोरांमागे एक मोठं माणूस, डोकी मोजायची ती सगळे सीटवर बसल्यावरच. डबे बसमध्ये ठेवू नका, बस लांब कुठेतरी पार्क होते. आणि पाण्याच्या बाटल्यांवर नावं घाला, सगळ्यांच्या निळ्याच असतात.