सोनं इथंच का बसलं? सोन्यावर पीएचडी करणाऱ्यांसाठी

खडकाची सॅम्पल आणायला निघालात की अंगावरचं सोनं आधी काढून घरी ठेवा. अंगठी, पाटल्या, गळ्यातलं, सगळं. आमचं बेळगावच्या शहापुरात सराफी दुकान, त्यामुळं आईच्या गळी हे उतरवणं सोपं नव्हतं. पण साध्या खडकात सोनं टनामागं काही मिलिग्रॅमच असतं. हातोडा मारताना अंगठी घासून एक कण पिशवीत पडला तरी आकडा गेलाच म्हणायचा. खडक कुटायचं कामही दुकानाच्या माडीवर करू नका. झारेकरी, म्हणजे सराफाच्या केरातनं सोन्याचे कण वेचणारे, ज्या धुळीतनं पोट भरतात, त्या धुळीशेजारी सोन्याचं संशोधन होत नाही.

आता विषय. "सोनं कुठं आहे" हा कंपनीचा प्रश्न झाला. तुमचा प्रश्न असा: गरम पाण्यात विरघळलेलं सोनं एवढं लांबनं आलं, मग याच शिरेत (भेग भरून बसलेल्या गारगोटीच्या, म्हणजे क्वार्ट्झच्या पट्ट्यात) का बसलं, दहा मीटरवरच्या शिरेत का नाही? धारवाडी पट्ट्यांतलं, म्हणजे कर्नाटकातल्या फार जुन्या खडकांच्या पट्ट्यांतलं सोनं साधारण अडीचशे कोटी वर्षांपूर्वीचं. जमिनीच्या पोटात खोलवर खडक तापले, त्यांतलं पाणी, कार्बन डायऑक्साइड आणि गंधक सुटलं, आणि गंधकाचा हात धरून सोनं भेगांमधनं वर आलं. तो हात सुटला की सोनं खाली बसतं. कसा सुटला, याचे मुख्य संशयित दोन. एक, भूकंपानं भेग उघडली, दाब एकदम उतरला आणि त्या द्रवातनं वायू वेगळा झाला, त्याच्याबरोबर गंधकही गेलं. दुसरा, कडेच्या खडकात लोह भरपूर होतं. त्यानं गंधक ओढून घेऊन पायराइट, आर्सेनोपायराइट ही लोह-गंधकाची खनिजं तयार केली आणि सोनं उघड्यावर पडलं. या दोघांत निवाडा करता येईल असा पुरावा जमवा, प्रबंध उभा राहतो.

बेळगावात बसून हे होणार नाही. आपल्या जिल्ह्याचा बराचसा भाग ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाखाली, नाहीतर गोकाकच्या धबधब्यात दिसतो तसल्या कलादगी वाळूखडकाखाली झाकलेला. खानापूरच्या दक्षिणेला धारवाडी खडक डोकं वर काढतात, तिथं शिस्ट (पापुद्र्यांचा दाबला गेलेला खडक) आणि शिरा ओळखायचा सराव करा. ओढ्यातलं जे पिवळं चमकतं तो बहुतेक कुजलेला अभ्रक असतो. सुई टोचून बघा की: सोनं दबतं, पायराइटचा चुरा होतो, अभ्रकाचे पापुद्रे सुटतात. खरं काम गदगच्या पट्ट्यात, नाहीतर बागलकोट, हुनगुंद, लिंगसुगूर करत हट्टीला. कोलारची सोन्याची खाण २००१ साली बंद पडली, हट्टीची अजून चालू आहे. तिथनं जवळच्या मस्कीलाही जाऊन या. अशोकाचा तिथला शिलालेख १९१५ साली सोनं शोधत फिरणाऱ्या बीडन नावाच्या इंजिनिअरला सापडला. आपल्या धंद्यातला माणूस!

खाणीत उतरायचं तर गाईडच्या सहीचं, विभागाच्या लेटरहेडवरचं पत्र आधी पाठवावं लागतं. गदगजवळचा कप्पतगुड्डा डोंगर अभयारण्य आहे, तिथं वनखात्याची परवानगी हातात असल्याशिवाय हातोडा काढू नका. कन्नड येणं ही आपली जमेची बाजू. गुराख्याला "हळे चिन्नद गणी एल्लिदे?" (सोन्याची जुनी खाण कुठं आहे?) विचारलं की जुने खड्डे नकाशाच्या आधी सापडतात. दिवाळीनंतर जा, पावसाळ्यात गवतानं सगळं झाकलेलं असतं.

शिरेपाशी पोचलात की इथं मात्र घाई नको. सगळेजण शिरेचाच चमकदार तुकडा उचलतात. तुम्ही शिरेला काटकोनात चाला. शिरेतलं एक, अगदी कडेचं एक, मग वीतभर, अर्धा मीटर, दोन मीटर, असं करत ताजा, न बदललेला खडक लागेपर्यंत. सोनं नसलेले हे दगडच सांगतात की काय आत शिरलं आणि काय निघून गेलं. दगड सुटण्याआधी त्यावर उत्तर दिशेचा बाण आणि वरची बाजू मार्करनं काढा, थराचा कल आणि दिशा वहीत टिपा. सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब टाका. कॅल्साइट (चुन्याचं कार्बोनेट) लगेच फसफसतं. अँकेराइट (लोह असलेलं कार्बोनेट) गप्प बसतं, नखानं नव्हे, चाकूनं खरवडून भुकटी केली की मग हळूच बुडबुडे येतात. अँकेराइट दिसायला लागलं म्हणजे शीर जवळ आली.

गाईड निवडताना हीटिंग-फ्रीझिंग स्टेज, म्हणजे सूक्ष्मदर्शकाखाली नमुना गोठवायचं-तापवायचं यंत्र, कुठल्या लॅबमध्ये आहे ते आधी विचारा. (गेट किंवा नेट झाल्यावर लोक नुसतं नाव बघून जातात.) क्वार्ट्झच्या पातळ, दोन्ही बाजूंनी घासलेल्या चकतीत त्या जुन्या द्रवाचे थेंब अडकलेले असतात. ते गोठवून हळूहळू तापवायचे. शुद्ध कार्बन डायऑक्साइड उणे ५६.६ अंशाला वितळतो. त्याखाली वितळला तर मिथेनसारखा दुसरा वायू मिसळलाय. एकाच वेळी अडकलेले पाणीवाले आणि वायूवाले थेंब शेजारी शेजारी दिसले, तर पहिल्या संशयितावर बोट ठेवता येतं. दिसले नाहीत आणि सोनं पायराइटच्या अंगातच असेल, तर दुसऱ्याकडे वळा. दोघेही सापडतात कधीकधी. तेव्हा कोण आधी आलं हे पातळ छेदात (सूक्ष्मदर्शकाखाली बघायच्या खडकाच्या पातळ चकतीत) कोण कुणाला कापतंय यावरनं ठरवायचं.

सोन्याचा आकडा फायर असेनं काढतात: शिशाच्या ऑक्साइडबरोबर वितळवायचं, शिसं सोनं गोळा करतं, मग शिसं जाळून टाकायचं. सराफाच्या पोराला हे सांगायला नकोच. लॅबला पिशव्या पाठवताना अधूनमधून एक बिनसोन्याचा दगड, एक माहीत असलेला नमुना आणि एखाद्या सॅम्पलचा दुसरा अर्धा भाग वेगळ्या नंबरनं घुसडा, आणि लॅबला सांगू नका. दोन अर्ध्यांचे आकडे जुळले नाहीत तर लगेच लॅबशी भांडायला जाऊ नका. सोन्याचे दाणे मोठे असले की एका अर्ध्यात दाणा येतो, दुसऱ्यात येत नाही. अशा वेळी जास्त वजनाचं सॅम्पल घ्या, भुकटी चाळा आणि चाळणीवर राहिलेलं वेगळं तपासायला द्या.