पन्हाळ्याची पिशवी

गेल्या पावसाळ्यात पन्हाळ्याला गेलो. कोल्हापूरपासून जेमतेम 20 किलोमीटर, म्हणून सगळं एकाच सॅकमध्ये कोंबलं. तीन दरवाजापाशी चेन उघडते तर खर्ड्याचं तेल धाकटीच्या फ्रॉकवर! सासूबाई म्हणाल्या, "घाल आता तिला तिखट फ्रॉक."

तेव्हापासून दोन पिशव्या. खाण्याच्या पिशवीत तळाला जुना टॉवेल, त्यावर डबे उभे. खर्ड्याच्या डबीला झाकणाखाली प्लॅस्टिकचा कागद. भाकरी फडक्यातच, डब्यात तिला घाम सुटतो. कपड्यांच्या पिशवीत सगळ्यात वर रुमाल आणि उलटीसाठी दोन कॅरीबॅग. घाटाच्या वळणावर शोधाशोधीला वेळ नसतो, विचारा आमच्या ह्यांना! येताना जोतिबाला जाणार असाल तर गुलालाच्या कपड्यांसाठी एक रिकामी पिशवीही घ्या.