ग्रिडवर पहिले काम पाठवताना

मुंबईतून एम.एस्सी. होऊन उच्च ऊर्जा भौतिकीच्या संशोधनाकडे वळलेल्या विद्यार्थ्याला पहिल्या काही महिन्यांतच ‘हे विश्लेषण ग्रिडवर चालव’ असे सांगितले जाते. सांगणाऱ्याच्या दृष्टीने ते एका वाक्याचे काम असते. ऐकणाऱ्यापुढे मात्र सर्टिफिकेट, प्रॉक्सी, साइट, कोटा असे अनेक शब्द एकदम येऊन पडतात. हे मार्गदर्शन त्या विद्यार्थ्यासाठी लिहिले आहे. उदाहरणे लार्ज हॅड्रॉन कोलायडरवरील सीएमएस या प्रयोगाची घेतली आहेत, कारण त्या प्रयोगासाठीचे टिअर-२ (ग्रिडच्या दुसऱ्या स्तरावरचे) संगणक केंद्र कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत, म्हणजे टीआयएफआरमध्ये, आहे. ॲलिस या दुसऱ्या प्रयोगासाठीचे असेच केंद्र कोलकात्याच्या व्हेरिएबल एनर्जी सायक्लोट्रॉन सेंटरमध्ये आहे. तेथील साधने वेगळी असली तरी कामाची रीत बरीचशी सारखीच आहे.

आधी ग्रिड म्हणजे काय ते नीट समजून घ्यावे. जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेच्या लार्ज हॅड्रॉन कोलायडर (एलएचसी) या कण आदळवणाऱ्या यंत्रात प्रोटॉनांचे पुंजके सेकंदाला सुमारे ४ कोटी वेळा एकमेकांना छेदतात. त्यांतून सेकंदाला हजारेक घटनाच, म्हणजे टकरीच, निवडून नोंदवल्या जातात, तरीही वर्षाकाठी जमणारा डेटा एकाच ठिकाणी साठवून तेथेच तपासणे कोणत्याही एका संस्थेला झेपणारे नव्हते. म्हणून ४० हून अधिक देशांतील सुमारे १७० संगणक केंद्रे जोडून वर्ल्डवाइड एलएचसी कम्प्यूटिंग ग्रिड उभारण्यात आले. सर्न हे त्यातले टिअर-०. तेथे मूळ डेटा टेपवर जातो आणि त्याची पहिली प्रक्रिया होते. टिअर-१ ची मोठी केंद्रे त्याची दुसरी प्रत सांभाळतात व पुनर्प्रक्रिया करतात, तर टिअर-२ केंद्रांवर सिम्युलेशन आणि आपल्यासारख्यांचे विश्लेषण चालते. ४ जुलै २०१२ रोजी हिग्ज बोसॉनसदृश नवा कण सापडल्याचे जाहीर झाले, त्यामागचे विश्लेषण याच जाळ्यावर झाले होते.

या सगळ्या व्यवस्थेचे मूळ सूत्र असे आहे की डेटा आपल्याकडे आणायचा नसतो, आपला प्रोग्राम डेटाकडे पाठवायचा असतो. पुढच्या बहुतेक सूचना या एका गोष्टीतून निघतात, आणि नव्या विद्यार्थ्यांच्या बहुतेक चुकाही ती विसरल्यामुळे होतात.

ग्रिडची खरोखर गरज आहे का

हा प्रश्न सर्वांत आधी विचारावा, कारण पुष्कळदा उत्तर ‘नाही’ असे येते. सीएमएसचा डेटा वेगवेगळ्या घनतेच्या स्वरूपांत उपलब्ध असतो. मिनीएओडी स्वरूपात एका घटनेला साधारण ५० किलोबाइट जागा लागते, तर नॅनोएओडी स्वरूपात एक ते दोन किलोबाइट पुरतात. म्हणजे १ कोटी घटनांचा मिनीएओडी डेटा ५०० गिगाबाइटच्या घरात जाईल, आणि तेवढ्याच घटना नॅनोएओडीमध्ये १० ते २० गिगाबाइटमध्ये मावतील. आपल्या विश्लेषणाला लागणाऱ्या सर्व राशी नॅनोएओडीमध्ये असतील, तर संस्थेच्या क्लस्टरवर, किंवा चांगल्या लॅपटॉपवरसुद्धा, काम होऊ शकते. त्या राशी तेथे नसतील, अथवा डेटासेट शेकडो कोटी घटनांचे असतील, तेव्हाच ग्रिडकडे जावे. मार्गदर्शकांशी या निवडीवर घालवलेला अर्धा तास पुढचे कित्येक आठवडे वाचवतो.

ओळखपत्र, सदस्यत्व आणि प्रॉक्सी

ग्रिडवर दूरच्या केंद्राचा प्रशासक आपल्याला ओळखत नसतो. तो आपल्या डिजिटल सर्टिफिकेटवर विश्वास ठेवतो. सर्नमध्ये नोंदणी झालेल्या व्यक्तीला हे सर्टिफिकेट सर्नच्या यंत्रणेकडून ब्राउझरद्वारे मिळते, आणि ते साधारण वर्षभर चालते. मुदत संपण्याची तारीख त्याच दिवशी कॅलेंडरमध्ये, महिनाभर आधीच्या स्मरणासह, नोंदवून ठेवावी. मिळालेल्या एका फाइलमधून ओपनएसएसएल या साधनाच्या साहाय्याने सर्टिफिकेट आणि खासगी किल्ली अशा दोन फाइली वेगळ्या कराव्या लागतात. खासगी किल्लीच्या फाइलची परवानगी ४०० असावी, म्हणजे ती फक्त मालकालाच वाचता येईल. इतरांनाही ती वाचता येत असेल तर साधने ती किल्ली वापरण्यास नकार देतात. एका विद्यार्थिनीची संपूर्ण संध्याकाळ या एका आकड्यापायी गेलेली मी पाहिली आहे. त्रुटीचा संदेश तिच्यासमोरच होता, पण तो किल्लीविषयी बोलतो आहे हे तिला कोणी सांगितलेले नव्हते. ही किल्ली ईमेलने कोणालाही पाठवू नये, मार्गदर्शकांनाही नाही, आणि सामायिक संगणकावर बिनपासवर्डची ठेवू नये.

सर्टिफिकेट म्हणजे केवळ ओळख. सीएमएसची साधनसामग्री वापरण्याचा हक्क मात्र प्रयोगाच्या आभासी संघटनेचे, म्हणजे ग्रिडवरील त्याच्या वापरकर्त्यांच्या गटाचे, सदस्यत्व मिळाल्यावरच येतो, आणि त्यासाठी आपली संस्था प्रयोगाची सदस्य असावी लागते. मुंबईत टीआयएफआर सीएमएसमध्ये आहे. सदस्यत्वाच्या मंजुरीला वेळ लागतो, त्यामुळे हा अर्ज काम सुरू होण्याच्या पुष्कळ आधी करावा.

प्रत्यक्ष कामासाठी मूळ सर्टिफिकेट जगभर फिरवत नाहीत. त्यापासून अल्पमुदतीची प्रॉक्सी तयार करतात. व्हॉम्स-प्रॉक्सी-इनिट ही आज्ञा साधी दिली तर १२ तासांची प्रॉक्सी मिळते. सीएमएसमध्ये १९२ तासांपर्यंतची मुदत मागण्याची प्रथा आहे. प्रॉक्सी चोरीस गेली तरी नुकसान मुदतीपुरते मर्यादित राहावे, हा या पद्धतीचा हेतू आहे. सध्या ही सारी व्यवस्था हळूहळू टोकन (सर्टिफिकेटऐवजी दिले जाणारे अल्पमुदतीचे डिजिटल परवाने) पद्धतीकडे वळत आहे, आणि जुन्या टिपणांत जिचा उल्लेख सर्रास सापडतो त्या सेंटओएस ७ या लिनक्स प्रणालीची मुदत ३० जून २०२४ रोजी संपली आहे. म्हणून वरिष्ठ सहकाऱ्याच्या वहीतल्या आज्ञा उतरवून घेताना त्या कोणत्या वर्षाच्या आहेत ते अवश्य विचारावे.

आधी घरी चाचणी, मग गणित

सीएमएसमध्ये जॉब, म्हणजे ग्रिडवर चालवायच्या कामाचे तुकडे, पाठवण्याचे साधन क्रॅब या नावाने ओळखले जाते. ते मोठ्या कामाचे लहान जॉब करते, ज्या केंद्रांवर डेटा आहे तेथे ते पाठवते आणि निकाल आपण सांगितलेल्या केंद्रावर पोहोचवते. सॉफ्टवेअर आपल्याला पाठवावे लागत नाही. सर्नव्हीएम फाइल सिस्टिममुळे तेच सॉफ्टवेअर प्रत्येक केंद्रावर वाचण्यापुरते उपलब्ध असते. प्रोग्राम आधी स्थानिक संगणकावर हजार घटनांवर चालवून पाहावा आणि दोन आकडे टिपून ठेवावेत: लागलेला वेळ आणि वापरलेली स्मृती.

समजा, हजार घटनांना १०० सेकंद लागले. मग १ कोटी घटनांना १० लाख सेकंद, म्हणजे सुमारे २७८ तास लागतील. प्रत्येक जॉब आठ तासांचा ठेवला तर साधारण ३५ जॉब होतात. हे गणित न करता एकेका फाइलचा एकेक जॉब करणारे विद्यार्थी हजारो जॉब पाठवतात. असा प्रत्येक जॉब पाच मिनिटे चालतो आणि त्याहून जास्त वेळ रांगेत व मांडामांडीत घालवतो. एका कामात १०,००० पेक्षा जास्त जॉब क्रॅब स्वीकारत नाही, पण त्या मर्यादेच्या जवळ जाण्याची वेळ आली तर आपली विभागणीच चुकली आहे असे समजावे. उलट दिशेलाही मर्यादा आहे: वेगळे काही सांगितले नाही तर जॉबला एका दिवसाहून थोडा कमी वेळ आणि २,००० मेगाबाइट स्मृती मिळते. गरज नसताना जास्त स्मृती मागितली की आपला जॉब कमी यंत्रांवर बसतो, आणि दुसऱ्या कोणाची जागाही अडते. पिसा, हॅम्बुर्ग किंवा नेब्रास्का येथील ती यंत्रे तिथल्या संशोधकांनी व त्यांच्या देशांनी उभी केली आहेत. आपण तेथे पाहुणे आहोत, आणि आपल्या कुलाब्याच्या यंत्रांवरही परदेशी सहकाऱ्यांचे जॉब त्याच विश्वासाने येत असतात.

निकाल कोठे ठेवायचा तेही आधीच ठरवावे. टीआयएफआरच्या साठ्यात जागा हवी असेल तर केंद्राच्या प्रशासकांकडे ती मागावी, आणि मिळाल्यावर क्रॅबची चेकराइट ही आज्ञा चालवून लिहिण्याची परवानगी खरोखर आहे याची खात्री करावी. ही आज्ञा टाळून पाठवलेले शेकडो जॉब गणना पूर्ण करून शेवटच्या पायरीवर, निकाल लिहिताना, कोसळतात, आणि तेवढा सारा संगणन-वेळ वाया जातो.

पाठवल्यानंतर

काम पाठवल्यावर लॅपटॉप बंद केला तरी जॉब थांबत नाहीत. कुलाब्याहून निघून डोंबिवलीच्या लोकलमध्ये बसलेल्या विद्यार्थ्याचे काम तोवर अर्ध्या जगात चालू झालेले असते. दर दहा मिनिटांनी स्थिती विचारण्यात अर्थ नाही. दिवसातून दोनतीनदा पाहणे पुरेसे आहे.

काही जॉब फसणारच. फसलेला जॉब पुन्हा पाठवण्याआधी त्याचा एक्झिट कोड, म्हणजे तो का थांबला हे सांगणारा क्रमांक, वाचावा, कारण उपाय कोडनुसार बदलतो. ८०२१ आणि ८०२८ हे कोड फाइल वाचताना किंवा उघडताना आलेली अडचण सांगतात. ही बहुधा एखाद्या केंद्राची तात्पुरती अडचण असते आणि पुनर्प्रेषणाने सुटते. ५०६६० म्हणजे स्मृतीची मर्यादा ओलांडली, आणि ५०६६४ म्हणजे वेळेची. या दोन्ही बाबतींत तोच जॉब जसाच्या तसा पुन्हा पाठवणे निरर्थक आहे. प्रोग्राममधली स्मृतीची गळती शोधावी किंवा विभागणी बारीक करावी. सगळे जॉब एकाच केंद्रावर फसत असतील तर तो दोष आपला नसण्याची शक्यता मोठी. तेव्हा मदतकक्षाला लिहावे, पण लिहिताना कामाचे पूर्ण नाव, केंद्राचे नाव, एक्झिट कोड आणि लॉगमधल्या नेमक्या ओळी द्याव्यात. घड्याळाच्या बाबतीत युरोपच्या उन्हाळ्यात जिनिव्हा मुंबईच्या साडेतीन तास आणि हिवाळ्यात साडेचार तास मागे असते, त्यामुळे सकाळी दहाला पाठवलेल्या प्रश्नाचे उत्तर दुपारनंतरच येईल हे धरून चालावे. तोवर आपल्याच संस्थेतील केंद्र सांभाळणाऱ्या अभियंत्यांना विचारावे. पुष्कळदा उत्तर दोन मजले खालीच मिळते.

काम संपले की साठ्यातल्या मधल्या टप्प्यांच्या फाइली काढून टाकाव्यात. एखादा डेटासेट टेपवरून मागवायचा असेल तर ती विनंती रुसिओ या प्रणालीत नियम म्हणून नोंदवली जाते, आणि त्या नियमाला मुदत घालता येते. ती मुदत आवश्यक तेवढीच ठेवावी, कारण आपण विसरलेला नियम इतरांची जागा महिनोन्महिने अडवून ठेवतो.

ज्यांच्या महाविद्यालयाला कोणत्याही प्रयोगाचे सदस्यत्व नाही, त्यांनीही थांबण्याचे कारण नाही. सर्नचे ओपन डेटा पोर्टल २०१४ पासून सर्वांसाठी खुले आहे. तेथे सीएमएसचा खरा डेटा, त्याचे सॉफ्टवेअर असलेले कंटेनर (तयार बांधलेली पॅकेजे) आणि सोडवून दाखवलेली उदाहरणे कोणत्याही सर्टिफिकेटविना मिळतात. त्यातील म्यूऑन-जोड्यांच्या उदाहरणापासून सुरुवात करावी: दोन म्यूऑनांच्या एकत्रित वस्तुमानाचा आलेख काढला की ९१ जीईव्ही (कणभौतिकीतील ऊर्जेचे व वस्तुमानाचे एकक) जवळ झेड बोसॉनचे शिखर आपल्याच पडद्यावर उभे राहते.