एसआरएक्स क्लस्टरमध्ये दुसऱ्या डब्याचे पोर्ट नंबर कसे मोजायचे

ज्युनिपरच्या दोन एसआरएक्स फायरवॉल क्लस्टरमध्ये (एक बंद पडली की दुसरी काम उचलते अशा जोडीत) जोडल्या की कॉन्फिगसाठी त्या एकच मशीन होतात, आणि नवीन माणूस तिथेच अडकतो. इंटरफेसचं नाव वाचायचं असं, आधी प्रकार, मग स्लॉट, पीआयसी (स्लॉटमधलं कार्ड) आणि शेवटी पोर्ट, म्हणजे जीई-०/०/४ हा गिगाबिटवाला, स्लॉट ० मधला पोर्ट ४. नोड ०, म्हणजे पहिल्या डब्याचे नंबर आहेत तसेच राहतात. नोड १, म्हणजे दुसऱ्या डब्याचे स्लॉट मात्र नोड ० चे संपले की तिथून पुढे मोजतात, त्यामुळे दुसऱ्या डब्यातला तोच पोर्ट एसआरएक्स ३०० वर जीई-१/०/४ होतो, ३२० वर जीई-३/०/४, ३४० आणि ३४५ वर जीई-५/०/४, आणि १५०० वर स्लॉट ७ पासून चालू होतं. डब्यावर छापलेलं काही बदलत नाही बरं का.

म्हणून आधी लेबलं लावा, कॉन्फिग नंतर. रत्नागिरीत गणपतीत ऑफिस बंद असतं, किल्ली शिपाईकाकांकडे, आणि तुम्ही मुंबईहून फोनवर "काका, जीई-५/०/४ ची वायर बघा" म्हणालात तर ते तरी काय बघणार? नोड १ खाली ठेवला असेल तर त्याच्या प्रत्येक वायरीवर दोन्ही लिहा, "खालचा डबा पोर्ट ४" आणि त्याखाली ५/०/४.

आता जोडणी. ३४५ धरून सांगतो. दोन्ही डब्यांचा पोर्ट १ एकमेकांना थेट जोडा, ती कंट्रोल लिंक (दोन डबे एकमेकांची खबर ठेवतात ती), तिचं नाव एफएक्सपी१. मॅनेजमेंटचा वेगळा पोर्ट आहे तो एफएक्सपी०. ३०० आणि ३२० वर वेगळा पोर्ट नसल्याने पोर्ट ० त्यात जातो. या पोर्टांवर फॅक्टरीची जी कॉन्फिग असते ती आधी काढून टाका, नाहीतर कमिट होत नाही, म्हणजे बदल लागू होत नाहीत. मग ऑपरेशनल मोडमध्ये (कॉन्फिग मोडमध्ये नाही) क्लस्टर-आयडी (या जोडीचा नंबर) आणि नोड नंबर देऊन दोन्ही रीबूट करा. फॅब्रिक लिंकला (दोन डब्यांमधला डेटा जातो ती) पोर्ट तुमच्या पसंतीचा, फॅब०मध्ये जीई-०/०/२, फॅब१मध्ये जीई-५/०/२.

ट्रॅफिक जातो रेथ इंटरफेसमधून, म्हणजे दोन्ही डब्यांचा एकेक पोर्ट मिळून बनलेल्या एका इंटरफेसमधून. रेथ०चे सदस्य जीई-०/०/४ आणि जीई-५/०/४, आयपी रेथवरच द्यायचा, सदस्यांवर नाही. त्याआधी रेथ-काउंट (किती रेथ हवेत तो आकडा) द्या, विसरलात तर रेथ तयारच होत नाही. रिडंडन्सी ग्रुप १ मध्ये (एकत्र एका डब्यावरून दुसऱ्यावर जाणारा गट) दोन्ही सदस्यांना इंटरफेस-मॉनिटर लावून वेट २५५ द्या म्हणजे एक वायर निघाली तरी ग्रुप लगेच दुसऱ्या डब्यावर जाईल.

क्लस्टर-आयडी मात्र जपून निवडा, रेथचा मॅक पत्ता (नेटवर्कवरची हार्डवेअर ओळख) त्यावरूनच बनतो. एकाच लेयर टू नेटवर्कवर दोन क्लस्टर असतील आणि दोघांना आयडी १ दिला असेल तर मॅक भिडतात, नेटवर्क कधी चालतं कधी नाही, आणि लोक वायरीच बदलत बसतात.

शेवटी शो चॅसिस क्लस्टर स्टेटस बघा, एक प्रायमरी आणि एक सेकंडरी दिसलं पाहिजे. आणि समुद्राजवळ असाल तर रिकाम्या पोर्टांना टोपणं लावून ठेवा, खाऱ्या हवेत पिनांवर गंज चढतो.

डबा बदलायची वेळ आली तर नव्या डब्याला तोच क्लस्टर-आयडी आणि तोच नोड नंबर द्या.